जपानमधील परदेशी रहिवाशांचे दैनंदिन जीवन

जपानमधील परदेशी रहिवाशांचे दैनंदिन जीवन प्रामुख्याने तेथील कायदे, भाषा आणि अलिखित सामाजिक संकेत या तीन घटकांनी घडते. शिक्षण, नोकरी, विवाह वा व्यवसाय यांनिमित्त जपानमध्ये वास्तव्य करणाऱ्या परदेशी नागरिकांची संख्या २०२४ च्या अखेरीस सुमारे ३७ लाख ७० हजार होती. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे. अनेक युरोपीय देशांच्या तुलनेत ते अल्प असल्यामुळे जपानमधील शासकीय व सामाजिक व्यवस्था दीर्घकाळ जपानी भाषकांनाच गृहीत धरून उभ्या राहिल्या. नवागताच्या अनेक अडचणींचे मूळ या गृहीतकात आढळते.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक दशके जपानमधील परदेशी नागरिकांत कोरियन वंशाचे रहिवासी बहुसंख्य होते. १९९० साली अमलात आलेल्या कायदादुरुस्तीमुळे ब्राझील, पेरू आदी देशांत स्थायिक झालेल्या जपानी लोकांच्या वंशजांना जपानमध्ये काम करण्याची मुभा मिळाली. परिणामी हामामात्सु, ओइझुमी यांसारख्या औद्योगिक शहरांत पोर्तुगीज भाषकांच्या वसाहती निर्माण झाल्या. १९९३ मध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थींची योजना सुरू झाली. पुढे वृद्धांचे वाढते प्रमाण आणि मनुष्यबळाची टंचाई लक्षात घेऊन एप्रिल २०१९ पासून ‘विशिष्ट कौशल्य’ हा नवा निवास-दर्जा देण्यात येऊ लागला.

नोंदणी व आरंभीचे व्यवहार

तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी व्यक्तीस निवासपत्र (झाइर्यू कार्ड) दिले जाते. ही पद्धत ९ जुलै २०१२ पासून लागू आहे. निवासस्थान निश्चित झाल्यापासून १४ दिवसांच्या आत स्थानिक नगरपालिका कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. त्यानंतर १२ अंकी ‘माय नंबर’ हा ओळखक्रमांक मिळतो. कंपनीच्या विमा योजनेत नसलेल्या रहिवाशास राष्ट्रीय आरोग्य विम्यात सहभागी व्हावे लागते. विम्याच्या कक्षेतील उपचारखर्चापैकी सर्वसाधारणपणे ३० टक्के वाटा रुग्ण स्वतः भरतो. विद्यार्थ्यांना परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते.

आरंभीच्या दिवसांतील नेहमीची अडचण म्हणजे परस्परावलंबी अटी. बँक खात्यासाठी दूरध्वनी क्रमांक लागतो, दूरध्वनी जोडणीसाठी पत्ता आणि बँक खाते वा क्रेडिट कार्ड लागते आणि घर भाड्याने घेताना पुन्हा बँक खाते व दूरध्वनी यांची विचारणा होते. नोकरी देणारी संस्था किंवा विद्यापीठ मध्यस्थी करत असल्यास हे चक्र सहज सुटते. एकट्याने आलेल्या व्यक्तीस मात्र ते जाचक ठरते. नावांचाही प्रश्न उद्भवतो. जपानी अर्जांत आडनाव व नाव असे दोनच रकाने असतात. त्यामुळे वडिलांचे नाव मध्ये असणारी मराठी नावे त्यांत सामावणे कठीण जाते. निरनिराळ्या कार्यालयांत काताकाना लिपीतील लेखन वेगवेगळे झाल्यास पुढे ओळख जुळत नाही. म्हणून नावाचे एकच रूप ठरवून ते सर्वत्र वापरणे हिताचे असते.

निवासस्थान

घर भाड्याने घेताना अनामत रक्कम (शिकिकिन) आणि घरमालकास द्यावयाची परत न मिळणारी भेटरक्कम (रेइकिन) भरण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. यांखेरीज दलालाचे शुल्क आणि हमीदार यांचीही व्यवस्था करावी लागते. हमीदार म्हणून नातेवाईक उपलब्ध नसल्यास शुल्क घेऊन हमी देणाऱ्या कंपन्यांचा आधार घेतला जातो.

परदेशी व्यक्तीस घर नाकारले जाण्याचे प्रकार सर्रास आढळतात. जपानच्या न्याय मंत्रालयाचे यासंबंधीचे सर्वेक्षण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात, मागील पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी उत्तरदात्यांपैकी सुमारे ३९ टक्के व्यक्तींनी केवळ परदेशी असल्यामुळे आपल्याला नकार मिळाल्याचे नमूद केले. भाडे थकण्याची, भाषेच्या अभावी संवाद न होण्याची आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींची भीती ही कारणे घरमालकांकडून सांगितली जातात.

कचरा आणि शेजार

जळणारा, न जळणारा व पुनर्वापरयोग्य असे कचऱ्याचे वर्गीकरण करून तो ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळेपूर्वी नेमून दिलेल्या जागी ठेवणे अपेक्षित असते. नियम प्रत्येक नगरपालिकेत वेगळे असतात. तोकुशिमा प्रांतातील कामिकात्सु या गावात कचऱ्याचे सुमारे ४५ प्रकारांत वर्गीकरण केले जाते. मोठ्या आकाराच्या वस्तू टाकण्यासाठी आधी नोंदणी करून सशुल्क चिकटपट्टी विकत घ्यावी लागते. चुकीच्या पद्धतीने ठेवलेली पिशवी सूचना चिकटवून तेथेच सोडली जाते. कचरा ठेवण्याच्या जागेची स्वच्छता अनेक ठिकाणी रहिवासी पाळीपाळीने करतात. त्यामुळे एकाच्या चुकीचा भार दुसऱ्यावर पडतो. परदेशी रहिवाशांविषयीच्या तक्रारींत कचऱ्याचा विषय वारंवार का येतो, हे यावरून ध्यानात येते.

नव्या घरी राहावयास गेल्यावर शेजाऱ्यांना हातरुमाल वा मिठाई अशी छोटीशी भेट देऊन परिचय करून घेण्याची रीत आहे. महानगरांत ती क्षीण होत असली तरी ती पाळणाऱ्या नवागताविषयी शेजारी अनुकूल मत बनवतात. घराच्या प्रवेशभागात (गेन्कान) पादत्राणे काढणे मराठी व्यक्तीस अपरिचित नाही. परंतु शौचालयासाठी वेगळ्या चपला असतात आणि ‘तातामी’ चटईवर कोणत्याही चपला चालत नाहीत, हे शिकावे लागते.

भाषा

जपानी लेखनात हिरागाना, काताकाना व कांजी अशा तीन लिप्यांचा एकत्र वापर होतो. सर्वसामान्य वापरासाठी निश्चित केलेल्या कांजींची संख्या २,१३६ आहे. मराठी भाषकांस मात्र या भाषेतील काही गोष्टी ओळखीच्या वाटतात. वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद हाच क्रम असतो आणि संबंधदर्शक शब्द नामाच्या नंतर येतात. ‘वाताशी वा गोहान ओ ताबेमासु’ या वाक्याची रचना ‘मी भात खातो’ या वाक्यासारखीच आहे. हिरागानाची पारंपरिक मांडणी (गोजूओन) बौद्ध धर्माबरोबर पोहोचलेल्या संस्कृत वर्णविचाराच्या प्रभावातून सिद्ध झाली असल्यामुळे तीत आधी स्वर व मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा क्रम दिसतो.

खरी कसोटी आदरार्थी भाषेची (केइगो) असते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ यांतून आदराचे स्तर व्यक्त होतात; जपानीत समोरच्याची कृती उंचावणारी आणि स्वतःची कृती नम्रतेने सांगणारी क्रियापदेच निराळी असतात. थेट नकारही क्वचितच दिला जातो. ‘चोत्तो...’ म्हणजे ‘जरा...’ एवढे म्हणून वाक्य अर्धवट सोडले, तर तो बहुधा नकार समजावा.

कामाचे ठिकाण

कार्यालयांत ‘होरेन्सो’ या सूत्रास महत्त्व असते. अहवाल देणे (होकोकु), माहिती कळवणे (रेनराकु) आणि सल्ला घेणे (सोदान) या तीन शब्दांच्या आद्याक्षरांतून ते बनले आहे. काम पूर्ण होईपर्यंत मौन बाळगणाऱ्या कर्मचाऱ्यापेक्षा अडचण वेळीच सांगणारा कर्मचारी विश्वासार्ह मानला जातो. निर्णयापूर्वी संबंधितांशी स्वतंत्रपणे बोलून सहमती घडवण्याच्या पद्धतीस ‘नेमावाशी’ म्हणतात. त्यामुळे बैठकीत ऐनवेळी मांडलेली नवी कल्पना, ती चांगली असली तरी, सहसा स्वीकारली जात नाही.

आहार

शाकाहारी व्यक्तीची अडचण उघड दिसणाऱ्या मांसापेक्षा ‘दाशी’मुळे अधिक होते. हा अर्क बहुधा कात्सुओबुशी या सुकवलेल्या माशापासून बनतो आणि मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, भाज्या यांतही वापरला जातो. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगणे पुरत नाही; मासे व दाशीचाही उल्लेख करावा लागतो. बौद्ध मठांतील ‘शोजिन र्योरी’ ही परंपरा शाकाहारी आहे.

आपत्ती

रुग्णवाहिका व अग्निशमन दलासाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक आहेत. भूकंपाच्या बातमीत सांगितला जाणारा ‘शिंदो’ हा अंक भूकंपाची एकूण शक्ती दर्शवत नसून त्या-त्या ठिकाणी जाणवलेल्या हादऱ्याची तीव्रता दर्शवतो. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे परिसरातील भूकंपात सूचना न समजल्यामुळे अनेक परदेशी रहिवाशांचे हाल झाले. या अनुभवातून ‘यासाशिई निहोंगो’ म्हणजे ‘सोपी जपानी’ ही संकल्पना पुढे आली. तीत ‘उंचवट्याच्या प्रदेशी स्थलांतर करावे’ याऐवजी ‘उंच जागी पळा’ असे सांगितले जाते. आज अनेक नगरपालिका सूचनापत्रांसाठी हीच भाषा वापरतात.

मुलांचे शिक्षण

जपानमधील सक्तीच्या शिक्षणाची तरतूद परदेशी नागरिकांच्या मुलांस लागू नाही. त्यांना सार्वजनिक शाळेत विनामूल्य प्रवेश मिळतो; मात्र अर्ज पालकांनी करावा लागतो. शिक्षण मंत्रालयाने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे २० हजार परदेशी मुले शाळेबाहेर असण्याची शक्यता दिसून आली. जपानीत सहज बोलू लागलेले मूल पाठ्यपुस्तकाची भाषा समजू शकेलच असे नाही, हीही शिक्षकांपुढील मोठी समस्या आहे. त्याच वर्षी जपानी भाषेच्या शिक्षणास चालना देणारा कायदा संमत झाला.

भारतीय व मराठी रहिवासी

जपानमध्ये ५० हजारांहून अधिक भारतीय राहतात. इ.स. २००० च्या सुमारास संगणक अभियंते मोठ्या संख्येने आल्यापासून टोकियोच्या एदोगावा विभागातील निशी-कासाई हा परिसर भारतीयांची वस्ती म्हणून ओळखला जातो. अंबरनाथ येथे जन्मलेले योगेंद्र पुराणिक यांनी जपानी नागरिकत्व स्वीकारले आणि २०१९ मध्ये ते एदोगावाच्या विभाग परिषदेवर निवडून आले. मराठी मंडळाच्या वतीने टोकियोत गणेशोत्सव साजरा होतो.

भेदभाव व समावेशन

वांशिक भेदभावास सर्वंकष बंदी घालणारा राष्ट्रीय कायदा जपानमध्ये नाही. ओतारू येथील एका सार्वजनिक स्नानगृहाने परदेशी दिसणाऱ्यांस प्रवेश नाकारल्याच्या प्रकरणी साप्पोरो जिल्हा न्यायालयाने २००२ मध्ये तिघा वादींना प्रत्येकी दहा लाख येन भरपाई मंजूर केली. २०१६ मध्ये द्वेषमूलक वक्तव्यांविरुद्ध कायदा झाला, परंतु त्यात शिक्षेची तरतूद नाही. कावासाकी शहराने २०१९ च्या अध्यादेशाद्वारे दंडाची तरतूद केली.

परदेशी रहिवाशांना मतदानाचा अधिकार नाही. कावासाकीत मात्र १९९६ पासून परदेशी रहिवाशांची प्रतिनिधी सभा कार्यरत असून ती महापौरांना शिफारशी करते. नवागताने संकेत शिकावेत, ही अपेक्षा जपानमध्ये सर्वमान्य आहे. ते त्याला समजतील अशा भाषेत सांगण्याची जबाबदारी यजमान समाजाचीही आहे, हा विचार अशा उपक्रमांतून हळूहळू रुजत आहे.