पदकाची किंमत कडेवर

असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव. महाराष्ट्राच्या नकाशावरची ही सगळी नावं एकाच इंग्रजी पदकाच्या पट्ट्यांवर सापडतात. पदकाचं नाव ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’. ३६ मिलिमीटर व्यासाची चांदी, पुढे तरुण व्हिक्टोरिया राणीचा चेहरा, मागे ताडाच्या झाडाजवळ बसलेली विजयदेवता आणि फितीवर एकावर एक चढवलेल्या चांदीच्या आडव्या पट्ट्या. ज्या लढाईत शिपाई होता तिचं नाव त्याच्या पट्टीवर. अशा एकूण २१ पट्ट्या मंजूर झाल्या. ऑगस्ट १८०३ मध्ये नगरचा किल्ला पडला, त्याची मात्र पट्टी नाही.

हे पदक मंजूर झालं १८५१ मध्ये. असईची लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ रोजी. म्हणजे त्या दिवशी विशीत असलेला शिपाई पदक मिळेपर्यंत सत्तरीला टेकलेला. शिवाय पदक फक्त हयात असलेल्यांना. ज्यांनी लढाया मारल्या त्यातले बहुतेक तोवर गेलेले होते आणि उरलेल्या देशी शिपायांपैकी फार थोड्यांच्या हाती ते पडलं. म्हणूनच आज लंडनच्या लिलावात एखाद्या देशी शिपायाच्या नावाचं ‘कोरेगाव’ किंवा ‘सीताबर्डी’ पट्टीचं पदक आलं की संग्राहक सावरून बसतात.

मराठ्यांशी झालेल्या लढायांची पदकं याच्याही आधीपासून आहेत. १७७८ ते १७८४ या काळात बंगालच्या ज्या देशी पलटणी पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे लढायला आल्या, त्यांच्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने ‘डेक्कन मेडल’ काढलं. त्याच्या मागच्या बाजूला फारसी मजकूर आहे. खुद्द ब्रिटिश सरकारने आपल्या सगळ्या दर्जाच्या सैनिकांना सरसकट पदक दिलं ते १८१५ च्या वॉटर्लूनंतर, म्हणजे कंपनीच्या तीस वर्षं मागाहून. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या पदकावर ब्रिटिश सिंह टिपूच्या वाघावर झडप घालताना दाखवला आहे. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत पाडलेल्या या पदकात धातूदेखील दर्जानुसार ठरला होता : सेनापतींना सोनं, साध्या शिपायाला कथील. आणि २९ डिसेंबर १८४३ रोजी ग्वाल्हेरच्या शिंदेशाही फौजेशी महाराजपूर आणि पनियार इथे ज्या दोन लढाया झाल्या, त्यांचे तारे तर शिंद्यांकडून जिंकलेल्या तोफांचं ब्राँझ वितळवून कलकत्त्याच्या टांकसाळीत घडवले. हरलेल्याची तोफ जिंकणाऱ्याच्या छातीवर!

ही झाली पेटीबंद, महागडी मंडळी. आपल्याकडे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या भागांतल्या घरांत ट्रंकेच्या तळाशी सापडतात ती बहुधा दोन महायुद्धांतली पदकं. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक आणि कामगार समुद्रापार गेले. किती जण गेले आणि किती परतले नाहीत, याचे संगमरवरी फलक आपल्या अनेक गावांत अजून भिंतीत आहेत. फलकावर आकडे असतात. माणसाचं नाव असतं ते पदकावर, आणि तेही अशा जागी जिकडे घरातल्या कुणाचं लक्ष जात नाही : कडेवर.

पदक ओळखण्याचा क्रम मात्र कडेपासून सुरू होत नाही. नवखा माणूस आधी फीत पाहतो आणि तिथेच फसतो. फीत सुती किंवा रेशमी असते. ती कुजते, उंदीर कुरतडतात, घरातलं कुणीतरी दुसऱ्या पदकाची फीत याला जोडतं. म्हणून फितीची साक्ष शेवटी घ्यायची. आधी धातू, मग दोन्ही बाजूंची चित्रं, मग टांगणी आणि पट्टी, मग कड.

पहिल्या महायुद्धाचं नेहमीचं त्रिकूट घेऊ. एक ब्राँझचा तारा, एक चांदीचं गोल पदक, एक पिवळसर ब्राँझचं गोल पदक. चांदीचं ते ‘ब्रिटिश वॉर मेडल’ : पुढे पंचम जॉर्ज, मागे घोड्यावर उघडा तरुण, घोड्याच्या टापांखाली प्रशियाचा गरुड असलेली ढाल आणि मानवी कवटी. फीत मधोमध रुंद नारिंगी, कडांना पांढरे, काळे, निळे पट्टे. ब्राँझचं ते ‘व्हिक्टरी मेडल’ : पंख पसरलेली विजयदेवता आणि इंद्रधनुषी फीत. दोन्हींची रचना विल्यम मॅकमिलन या शिल्पकाराची. तारा १९१४-१५ चा असेल तर त्याचा अर्थ पक्का : हा माणूस १९१५ संपण्याआधी रणभूमीवर पोहोचला होता. नुसता ‘१९१४’ हा तारा मात्र फ्रान्स-बेल्जियमच्या पहिल्या काही महिन्यांसाठीच होता. नोव्हेंबर १९१४ मध्येच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरलेल्यांनाही १९१४-१५ चाच तारा मिळाला.

हेच ‘ब्रिटिश वॉर मेडल’ कधी ब्राँझमध्येही दिसतं. ते बनावट समजून बाजूला टाकू नये. चांदीची सुमारे ६५ लाख पदकं पाडली गेली, तर ब्राँझची सुमारे १ लाख १० हजार, आणि ती गेली मजूर तुकड्यांतल्या माणसांना. त्याआधी सरहद्दीवरच्या मोहिमांतही भिस्ती, मोतद्दार, स्वयंपाकी यांना चांदीऐवजी ब्राँझ देण्याचीच रीत होती. तोफेपर्यंत पाणी नेणारा आणि तोफ डागणारा यांच्यातला फरक सरकारने धातूत मोजला. संग्राहकांच्या बाजारात मात्र ब्राँझचं पदक चांदीच्या पदकापेक्षा दुर्मिळ ठरून बसलं.

आता कड. पदक आडवं धरून तिरप्या उजेडात हळूहळू फिरवावं. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या त्या कडेवर बारीक रोमन अक्षरं उमटतात : क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. ताऱ्याला कड नसते, त्यामुळे तिथे हाच मजकूर पाठीवर असतो. मजकुराचा शेवट ‘११७ मराठाज’ असा असेल तर पुष्कळ गोष्टी एकदम उघड होतात. आकडा तीन अंकी म्हणजे नोंद १९२२ पूर्वीची. त्या वर्षीच्या फेररचनेत जुन्या मराठा पलटणी एका छत्राखाली येऊन ‘५वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ उभी राहिली : १०३ वी झाली पहिली बटालियन, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी आणि ११४ वी प्रशिक्षणाची दहावी. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातल्या कुट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. म्हणून ‘११७ मराठाज’ आणि १९१४-१५ चा तारा एकत्र दिसले की कुटची शक्यता मनात येते. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. तो शिपाई वेढ्याआधी जखमी होऊन मागे गेला असेल. पदक दिशा दाखवतं, पुरावा कागदांत शोधावा लागतो.

पलटणीच्या याच आकड्यांतून पुढच्या युद्धाचा धागाही लागतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीला दुसऱ्या महायुद्धात दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, दोन्ही इटलीत. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले. ते ३/५ चे, म्हणजे ५ व्या मराठाच्या तिसऱ्या बटालियनचे, जुन्या ११० व्या पलटणीचे. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी पराक्रम केला. ते १/५ चे, म्हणजे जुन्या १०३ व्या पलटणीचे. कुटमध्ये उपासमारीनंतर शरण जावं लागलेल्या पलटणींचेच हे वारस. ‘१११ महार्स’ हा मजकूर तर कडेवर क्वचितच भेटतो. ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. मधल्या वीस वर्षांत त्या नावाची पलटणच नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांत एक खूण आपल्या फायद्याची आहे. ब्रिटिश सैनिकांना ती पदकं बिननावाची मिळाली, हिंदी सैनिकांना मात्र नाव ठोकून. त्यामुळे ‘इटली स्टार’ किंवा ‘बर्मा स्टार’ पाठीमागून कोरा असेल, तर तो आजोबांचाच कशावरून, हे विचारायला हवं. स्वातंत्र्यानंतरची पदकं ओळखायला सोपी, कारण त्यांवर देवनागरी आहे : १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी आणि पश्चिमी स्टार, संग्राम मेडल. परमवीर चक्राची रचना तर एका मराठी घरातली. मूळच्या युरोपीय सावित्रीबाई खानोलकरांनी मधल्या राजमुद्रेभोवती इंद्राची चार वज्रं मांडली. वज्रासाठी आपल्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची कथा त्या ब्राँझच्या चकतीत अशी बसली.

नाव आलं तिथे लबाडी आली. दुर्मिळ पलटणीचं नाव हवं म्हणून जुनी अक्षरं कानशीने घासून नवी ठोकणारे कारागीर पूर्वीपासून आहेत. अशा पदकाची कड घासली गेल्याने व्यास बारीकसा घटतो. म्हणून संग्राहकाच्या खिशात भिंगाबरोबर व्हर्नियर कॅलिपर असतो. ३६ मिलिमीटरच्या पदकाने ३५ च्या आसपास आकडा दाखवला की व्यवहार तिथेच थांबवावा. ओतीव नकलेत घोड्याची आयाळ, राजाची दाढी असले बारीक तपशील साबणासारखे गुळगुळीत येतात आणि कडेवर साच्याच्या जोडाची रेघ राहते. अक्षरांची ढबही पाहायची. ठशाने ठोकलेली आणि हाताने कोरलेली अक्षरं वेगळी दिसतात, आणि कोणत्या पदकावर कोणती पद्धत होती हे ठरलेलं आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात खरं-खोटं शेजारी शेजारी मांडलेलं असतं. विकणाऱ्याची कहाणी ऐकावी जरूर, पण पैसे कडेला मोजावेत.

पदकांचा सर्वांत मोठा शत्रू नक्कल करणारा नाही, चांदीचा भाव आहे. ‘ब्रिटिश वॉर मेडल’मध्ये सुमारे एक औंस, म्हणजे पावणेतीन तोळ्यांच्या आसपास चांदी असते. १९८० च्या सुमारास जगात चांदी कडाडली तेव्हा ही पदकं ढिगांनी वितळली. आपल्याकडे त्यासाठी जागतिक तेजीची गरज नव्हती. एक लग्न किंवा एक दुष्काळ पुरला. आज कित्येक त्रिकुटांतली चांदी गेलेली आणि ब्राँझचे दोन भाऊ मागे राहिलेले दिसतात, त्याचं कारण हेच.

दुसरा शत्रू घरातलाच. दसरा-दिवाळीला तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासताना पदकही त्यातच जातं. वर्षानुवर्षं असं घासलं की सर्वांत आधी कडेवरची अक्षरं पुसट होतात. पदक घासू नये. कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपावी, बस्स. चांदीजवळ रबर बँड नको, त्यातल्या गंधकाने ती काळवंडते. स्वस्त पीव्हीसीचे पाकीट नको, त्यात ब्राँझवर हिरवा थर चढतो. आम्लरहित कागदात गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीबरोबर कोरड्या डब्यात ठेवलं की पुरे. जुनी फीत कितीही विरली तरी फेकू नये.

कायद्याची बाजूही माहीत हवी. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं झालेली ऐतिहासिक वस्तू पुरावशेषात मोडते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं आता ही शंभरी ओलांडत गेली आहेत. परदेशातल्या गिऱ्हाइकाला टपालाने पाठवण्याचा बेत करण्याआधी हे वाचून घ्यावं.

घरात पदक असेल आणि माणसाचा माग काढायचा असेल, तर पहिला कागद आपणच तयार करायचा. कडेचे तिरप्या उजेडात चार फोटो, क्रमांकातला अंक न् अंक जसाच्या तसा, घरात माहीत असलेलं पूर्ण नाव, गाव, तालुका. इंग्रज कारकुनाने नाव कसंही लिहिलेलं असतं, तेव्हा शोधताना क्रमांक आणि पलटण यांवर भर द्यावा. शौर्यपदक असेल तर ‘लंडन गॅझेट’मध्ये, युद्धात गेलेल्यांसाठी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदींत पाहावं. कंपनीच्या काळातलं काही असेल, तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला. पदकशास्त्राला वाहिलेली ‘ऑर्डर्स अँड मेडल्स रिसर्च सोसायटी’ १९४२ पासून ब्रिटनमध्ये काम करते आहे, आणि लंडनच्या लिलावगृहांच्या जुन्या याद्या संगणकावर फुकट वाचता येतात.

वाटणीच्या वेळी एका भावाला तारा, दुसऱ्याला चांदी, तिसऱ्याला ब्राँझ असं करू नये. तीन पदकांवर एकच क्रमांक असतो, तेव्हाच त्या क्रमांकाचा माणूस कुठे होता आणि केव्हा होता हे सांगता येतं. सुटी झाली की तिन्ही मुकी. वाटायचेच असतील तर फोटो वाटा, पदकं एकाच्याच घरी राहू द्या. आणि कुणालाच नको असतील तर सराफाकडे नेण्याआधी पलटणीच्या केंद्राला एक पत्र टाका.