‘नाही’ कुठे हरवले?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आईच्या रक्तदाबासाठी आम्ही गावाहून शहरातल्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होतो. ‘‘रात्रीची गोळी आता घ्यायची...’’ एवढे ऐकू आले आणि आईने मान डोलावली. मला शंका आली, म्हणून पुन्हा विचारले. ‘‘अहो, घ्यायची नाही म्हणालो मी!’’ डॉक्टर म्हणाले. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. तोच वाटेत गळला होता.

नंतर वाय-फायचा वेग तपासला, तर तो उत्तम होता. मग शब्द गेला कुठे?

आपला आवाज इंटरनेटवरून सलग जात नाही. त्याचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक तुकड्याचे एक पॅकेट होते. सिनेमा उतरवून घेताना एखादे पॅकेट उशिरा आले तरी बिघडत नाही. संभाषणाचे तसे नाही. पंगत उठल्यावर आलेली भाजी जशी कामाची नाही, तसे वेळ टळून आलेले पॅकेट फेकूनच द्यावे लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका बाजूने दुसरीकडे १५० मिलिसेकंदांत पोचला, तर बहुतेक संभाषणे सुरळीत होतात. त्यापुढे माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

तारेतून हे त्या मानाने सोपे. हवेत मात्र सगळ्यांचा रस्ता एकच. वाय-फायच्या एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते, शांतता दिसली की थोडे थांबून पॅकेट पाठवते. भिंत आड आली किंवा शेजारच्याचे वाय-फाय मध्ये आले, की पोच मिळत नाही आणि तेच पॅकेट पुन्हा पाठवावे लागते. पॅकेट पोचते, पण वेळ जातो.

आमच्या घरी आणखी एक गोष्ट घडत होती. पुतण्याच्या फोनमध्ये लग्नाचे व्हिडिओ त्याच वेळी आपोआप इंटरनेटवरच्या साठवणीतून उतरत होते. राउटरच्या रांगेत त्या पॅकेटांची गर्दी, आणि त्यांच्या मागे आमचे संभाषण ताटकळलेले. ‘नाही’ म्हणायला सेकंदाचा एक तृतीयांश भाग लागतो, म्हणजे सोळा-सतरा पॅकेटे. एखाद-दुसरे हरवले तर फोन आजूबाजूच्या आवाजावरून ती फट बुजवतो. अख्खा शब्द त्याला कुठून सुचणार?

यावर अभियंत्यांनी उपाय शोधले आहेत. पहिला प्राधान्याचा. वाय-फायसाठी २००५ मध्ये मंजूर झालेल्या मानकाने वाहतुकीचे चार वर्ग केले : आवाज, व्हिडिओ, साधी माहिती आणि सावकाश चालणारी कामे. आवाजाच्या पॅकेटाने कमी थांबायचे, म्हणजे बहुधा त्याचा नंबर आधी लागतो. अडचण अशी, की पॅकेटावरची वर्गाची खूण इंटरनेटच्या लांबच्या प्रवासात अनेकदा पुसली जाते.

दुसरा उपाय रांगेचा. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली पद्धत रांग किती लांब आहे ते पाहत नाही. पॅकेट किती वेळ अडकले ते पाहते. ताटकळणे चालूच राहिले, तर काही पॅकेटे मुद्दाम टाकून देते. त्यावरून पाठवणारा समजतो आणि हात आवरतो. गर्दी ओसरते.

तिसरा उपाय मोबाइल कंपन्यांकडे आहे. फोर-जीवरच्या नेहमीच्या कॉलसाठी, म्हणजे व्होल्टीसाठी, नेटवर्क वेगळी वाट राखून ठेवते. पॅकेटाने १०० मिलिसेकंदांच्या आत नेटवर्क ओलांडावे, असे तिथे गणित असते. इंटरनेटवरच्या अ‍ॅपमधून केलेला कॉल मात्र सहसा सगळ्यांच्या रांगेतच उभा राहतो.

म्हणून वेग मोठा म्हणजे संभाषण चांगले, हा समज सोडायला हवा. आवाजाला वेग थोडाच लागतो, पण तो वेळेवर आणि अखंड लागतो. महत्त्वाचे बोलणे असेल तेव्हा राउटरजवळ बसा. घरातल्या इतर फोनवरची चढ-उतार थांबवा. आवाज तुटू लागला तर चित्र बंद करा, कारण खरा भार चित्राचा असतो. तरीही तुटला, तर सरळ साधा फोन लावा.

आमच्या घरी आता दोन नियम आहेत. आई डॉक्टरांचे सांगणे त्यांनाच पुन्हा म्हणून दाखवते. आणि डॉक्टर आता ‘घ्यायची नाही’ म्हणत नाहीत. म्हणतात, ‘‘ती गोळी बंद!’’

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)