पंख्यावांचून चालणारा संगणक

संगणकाच्या बुद्धीचें कौतुक सर्वत्र होतें. त्याला वीज पुरविणाऱ्या पेटीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. वास्तविक १९७७ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलेल्या ‘ॲपल-२’ या संगणकाचें सुटसुटीत रूप त्या पेटीमुळेंच शक्य झालें.

तेथील घरांत येणारी वीज सुमारें १२० व्होल्टांची व क्षणोक्षणीं दिशा पालटणारी. संगणकाच्या नाजूक अंतरंगास मात्र मुख्यतः ५ व्होल्टांची, स्थिर व एकाच दिशेनें वाहणारी वीज लागते. जुनी रीत अशी कीं, जड लोखंडी ट्रान्सफॉर्मरनें दाब उतरवावयाचा आणि जरुरीपेक्षां जास्त उरेल तो उष्णतेच्या रूपानें उधळून टाकावयाचा. नळ पूर्ण सोडून घागर भरावी व वरचें पाणी मोरींत जाऊं द्यावें, त्यांतलाच हा प्रकार! अशा उष्णतेवर उपाय म्हणजे पंखा; आणि पंख्याची घरघर स्टीव्ह जॉब्स यांना नको होती.

रॉड होल्ट या अभियंत्यांनीं निराळी वाट धरली. आलेली वीज आरंभींच एका दिशेची करावयाची, आणि ट्रान्झिस्टरच्या साह्यानें तिचा प्रवाह सेकंदास हजारों वेळां जोडावयाचा व तोडावयाचा. येथें नळ हवा तेवढाच वेळ उघडतो. सांडणें फारसें नाहीं. शिवाय ट्रान्सफॉर्मरला दर खेपेस ऊर्जेचा अगदीं लहान घांस पुढें सरकवावा लागतो, म्हणून तोही लहान पुरतो. ३८ वॅटांची ती पेटी पंख्यावांचून चालली.

पुढें जॉब्स यांनीं असें म्हटलें कीं, नंतरच्या सर्व संगणकांनीं होल्ट यांच्याच रचनेची नक्कल केली. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चरित्रांत हा दावा आहे. तो टिकत नाहीं. १९७० सालीं जाहीर झालेल्या ‘डेटापॉइंट २२००’ मध्यें ही रीत होती. १९७२ सालच्या ‘एचपी-३५’ या खिशांतील गणकयंत्रांतही तिचेंच एक रूप होतें. खरें कारण वेगळेंच. उच्च दाब सोसणारे चपळ ट्रान्झिस्टर त्या दशकांत स्वस्त झाले, आणि १९७६ सालीं रॉबर्ट मॅमॅनो यांनीं या उघडझापीचें सारें नियंत्रण एकाच चिपमध्यें बसविलें. होल्ट यांच्या पेटींत तशी चिप नव्हती. सुट्या भागांचें तें मंडल स्वतःच्याच तालावर चाले.

१९८१ सालच्या आयबीएमच्या संगणकांतही हीच रीत आली. परंतु तिची मांडणी निराळी होती, आणि तिला पंखाही होता.