जुन्या इंजिनाची झीज : आधीं मोजावें, मग बदलावें

वडिलोपार्जित वस्तूंचा प्रश्न निघाला, कीं एकत्र कुटुंबांत बहुधा दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘जुनें झालें, काढून टाका.’ दुसरा म्हणतो, ‘वडिलांच्या हातची वस्तु, तिला हात लावूं नका.’ घड्याळ किंवा शिवणयंत्र असेल, तर हा वाद वर्षानुवर्षें चालला तरी कोणाचें बिघडत नाहीं. परंतु ती वस्तु मोटारसायकल असेल, आणि घरांतील तरुण मुलगा रोज तिच्यावर बसून कॉलेजांत जात असेल, तर वाद लांबविणें धोक्याचें होतें. असा प्रसंग आमच्या घरीं गेल्या वर्षीं आला. त्यांतून आम्हांस जें शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

गाडी म्हणजे आमच्या तीर्थरूपांनीं १९७६ सालीं घेतलेली ३५० बुलेट. हें नांव इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीनें १९३२ सालीं प्रथम आपल्या गाडीस दिलें. १९५५ पासून बुलेट मद्रासेस तयार होऊं लागली. पुढें मूळची इंग्रजी कंपनी बंद पडली, तरी बिडाच्या सिलिंडरचें तें जुनें इंजिन आपल्याकडे २०१० च्या सुमारापर्यंत निघत राहिलें. बुलेट नांवाची गाडी आजहि निघते. पण तिचें इंजिन निराळें. जुन्या इंजिनाचे सुटे भाग मात्र अद्याप बाजारांत मिळतात. ही मालकांची मोठी सोय आहे, आणि मोठा मोहहि आहे.

आमची गाडी उतारावरून थ्रॉटल मिटून खालीं आली व पुन्हां पीळ दिला, कीं मागें निळसर धुराचा लोट निघूं लागला. ज्या कारागिरास ती दाखविली, त्यानें एकहि नट न सोडतां निकाल दिला : ‘बोअर करा, पिस्टन बदला, क्रँकहि नवा बसवा.’ खर्चाचा आंकडा ऐकून दादा म्हणाले, ‘विकून टाका.’ मातोश्री म्हणाल्या, ‘आहे तशी चालूं द्या.’ तिघांचीं मतें तीन. परंतु तिघांपैकीं कोणींहि कांहीं मोजलें नव्हतें.

झीज कोठें व कां होते, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व पिस्टनची धांव ९० मिलिमीटर. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर पिस्टन सिलिंडरच्या आंतल्या आंत दर सेकंदास ९ मीटर, म्हणजे तासांत ३२ किलोमीटरांहून अधिक, प्रवास करतो. एवढें घर्षण तेलाच्या एका पातळ पापुद्र्यावर निभावून जातें. सिलिंडरच्या वरच्या टोंकास उष्णता फार व तेल कमी. म्हणून तेथें झीज सर्वांत अधिक. अगदीं तळाशीं, जेथें रिंगा पोंचतच नाहींत, तेथील व्यास जवळजवळ मूळचाच राहतो. हा भेद पुढें फार उपयोगी पडतो.

धूर व आवाज हे यंत्राचे बोल आहेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक जातें. निळसर धूर म्हणजे तेल जळतें. चढावर जोर घेतांना निळा धूर सतत येत असेल, तर संशय रिंगांचा. उतारानंतर पीळ देतांच लोट येऊन मग विरत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या गाइडचा. कारण थ्रॉटल मिटलेला असतांना इंजिन जी ओढ घेतें, तिनें झिजलेल्या गाइडमधून तेल खालीं शोषलें जातें. थंड इंजिनांत खटखट ऐकूं येऊन तें तापल्यावर आवाज कमी झाला, तर तो बहुधा सैल पिस्टनचा. जोर देतांच खोलवर जड ठोका ऐकूं आला, तर तो कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोंकाच्या बेअरिंगचा. मग गाडी जागच्या जागीं थांबवावी.

परंतु लक्षणावरून केलेलें निदान हा तर्क होय; प्रमाण नव्हे. म्हणून आम्हीं दुसऱ्या एका वयस्क कारागिराच्या देखरेखीखालीं हेड व सिलिंडर उतरविले. पिस्टनची पिन काढण्यापूर्वीं क्रँककेसचें तोंड स्वच्छ फडक्यानें बंद केलें. पिनेची बारीकशी कडी आंत पडली, तर सारें इंजिन उघडावें लागतें. ही कडी व गॅस्केटें पुन्हां वापरूं नयेत.

मग मोजमाप. त्यास फीलर गेज, म्हणजे निरनिराळ्या जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा, पुरतो. वरची रिंग सिलिंडरमध्यें घालून पिस्टनच्या माथ्यानें ढकलून सरळ बसवावी व तिच्या दोन टोंकांमधील फट मोजावी. आधीं अगदीं तळाशीं, मग वर. नव्या रिंगची फट या व्यासास सुमारें पाव मिलिमीटर असते. आमची तळाशीं ०.५० व वर ०.६२ भरली. तळाची फट रिंगची झीज सांगते; वरचा वाढावा सिलिंडरची. व्यास जितका वाढतो, त्याच्या सुमारें ३.१४ पट परिघ वाढतो. म्हणून ०.१२ ला ३.१४ नें भागलें. सिलिंडरची झीज अवघी ०.०४ मिलिमीटर निघाली. शाळेंत शिकलेला ‘पाय’ इतक्या उशिरां उपयोगास आला, याचें पुतण्यास फार नवल वाटलें! झीज एका बाजूस अधिक असेल तर रिंग तें सांगत नाहीं. म्हणून वर्कशॉपमध्यें बोअर गेजनेंहि पडताळा घेतला. सिलिंडर बोअर करण्याचें कारण नव्हतें.

इतक्यांत पिस्टनच्या माथ्यावरील काजळी खरवडतांना ‘२०’ हा आंकडा दिसूं लागला. हा पिस्टन मूळ मापाचा नव्हता. इंचाच्या वीस सहस्रांशांनीं मोठा होता. म्हणजे सिलिंडर पूर्वीं एकदां बोअर झालेला! तीर्थरूपांच्या जमाखर्चाच्या वहींत शोध केला, तेव्हां १९८९ सालच्या पानावर त्याचा खर्च सांपडला. घरांत कोणासच तें ठाऊक नव्हतें. सिलिंडरची भिंत ही मुदलाची ठेव आहे. प्रत्येक वेळीं बोअर करणें म्हणजे त्या ठेवींतून रक्कम काढणें. आणि अशी रक्कम दोन-चार वेळांच काढतां येते. पहिल्या कारागिराचें ऐकलें असतें, तर आम्हीं ती विनाकारण आणखी एकदां काढली असती.

कनेक्टिंग रॉड वर-खालीं ओढून पाहिला. कांहींच सैलपणा जाणवला नाहीं. बाजूस थोडा हालतो तो दोष नव्हे. क्रँक वांचला. इनटेक व्हॉल्व्ह मात्र आपल्या गाइडमध्यें स्पष्ट डुलत होता. गाइड बदलले, व्हॉल्व्ह पेस्ट लावून बैठकीवर घांसून बसविले, रिंगा नव्या घातल्या. रिंगा लवकर बसाव्यात म्हणून सिलिंडरच्या गुळगुळीत भिंतीवर होननें बारीक रेघा पाडून घेतल्या. नव्या रिंगांचीहि फट मोजूनच त्या घातल्या. नवें तें सारें बरोबर, असें समजूं नये. एकंदर खर्च पहिल्या आंकड्याच्या चौथाईहि आला नाहीं.

यावरून ‘बदलूं नका’ हाच आमचा उपदेश, असें मात्र कोणी समजूं नये. रॉडला सैलपणा असता, तेलांत चकाकणारा चुरा दिसला असता, किंवा पिस्टनला तडा असता, तर मातोश्रींच्या शब्दापुढेंहि आम्हीं मान तुकविली नसती. धांवत्या गाडींत इंजिन जाम झालें तर मागचें चाक अडकतें, आणि वर घरचेंच माणूस बसलेलें असतें. अशा वेळीं पैशाचा व ममतेचा विचार सारखाच गैर. बोअर करणें खरोखरच प्राप्त झालें, तर आधीं पिस्टन विकत घ्यावा व त्याच्या मापानें सिलिंडर कापवावा. उलट क्रम करूं नये.

दुरुस्तीनंतर पहिले ५०० किलोमीटर गाडी बेतानें चालविली, मग तेल बदललें, आणि थंड इंजिनावर टॅपेट पुन्हां लावले. धूर थांबला. विक्रीची गोष्ट दादांनीं पुन्हां काढली नाहीं. तीर्थरूपांच्या त्याच वहींत, १९८९ च्या नोंदीखालीं, पुतण्यानें यंदाचीं सर्व मापें तारीख घालून लिहून ठेवलीं आहेत. पुढच्या खेपेस गाडी उघडणाऱ्यास अंदाज करावा लागणार नाहीं.