लॉनचं कंत्राट टिकतं पात्याच्या धारेवर!



लॉन मेंटेनन्सच्या धंद्यात उतरताना बहुतेकजण विचारतात, मशीन किती एचपीचं घेऊ, हप्ता किती बसेल? पात्याबद्दल कुणीच विचारत नाही. आणि काम हातचं जातं ते तिथेच.

समजा, तुमच्याकडे लग्नाच्या लॉन्सचं काम आहे. शुक्रवारी गवत कापलं, छान दिसलं. रविवारी मुहूर्ताला बघता तर सगळे शेंडे पांढरट, तपकिरी! मालक म्हणणार, पाणी कमी मारलंत. खरं कारण वेगळंच असू शकतं. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि फाटलेला शेंडा वाळतो. चार काड्या उपटून टोकं बघा. सरळ कापली असतील तर ठीक. दोरे निघाले असतील तर पातं धार मागतंय.

आधी जीव, मग पातं

राइड-ऑन मशीन बंद करा, चावी काढा, पार्किंग ब्रेक लावा, स्पार्क प्लगची वायर काढा. चाकांना ठोकळे लावा. मशीन उचललं तर खाली स्टँड हवेतच. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका आणि मदतनीसालाही घालू देऊ नका. जाड हातमोजे घाला.

काय तपासायचं?

1. धार: बारीक खाचा ग्राइंडरवर निघतात. मूळचाच कोन ठेवा. वस्तऱ्यासारखी धार नको, ती लगेच मुडपते. घासताना लोखंड निळं पडलं तर त्याचं पाणी उतरलं समजा.
2. मागची उचललेली कड: हीच हवा ओढून गवत उभं करते. वाळू-मातीने झिजून पातळ झाली असेल तर पातं बदला.
3. वाक किंवा तडा: ठोकून सरळ करू नका, वेल्डिंग तर अजिबात नको. थेट भंगारात! पात्याच्या टोकाचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. तुकडा उडाला तर समोर कोण उभं आहे, ते तो बघत नाही.

तोल विसरू नका

भिंतीत खिळा ठोका, पातं मधल्या भोकातून आडवं अडकवा. जी बाजू खाली झुकते ती थोडी आणखी घासा. तोल नसलेलं पातं मशीनला हादरे देतं आणि स्पिंडलची बेअरिंग खातं. धारेचे पैसे वाचवायला गेलात तर बेअरिंगचं बिल भराल. बसवताना उचललेली कड वर, डेककडे. बोल्ट मॅन्युअलप्रमाणे घट्ट.

धंद्याचं गणित

साधारण 25 तास मशीन चाललं की धार बघायचीच. पात्यांचा दुसरा सेट तयार ठेवा, म्हणजे ऐन सीझनमध्ये काम थांबणार नाही. तारीख आणि तास वहीत लिहा. धार आणि नवीन पाती यांचा खर्च कोटेशनमध्ये आधीच धरा, नाहीतर तो तुमच्या नफ्यातून जाईल. आणि मंडप उठल्यावर कापणीआधी लॉनवर एक फेरी मारा. खिळे, तारा, खुंट्या उचला. पात्याचे सगळ्यात मोठे शत्रू तेच.

आजचा गृहपाठ: मशीन बंद करा आणि तुमचं पातं एकदा नीट बघा. शेवटची धार कधी लावली, ते आठवतंय का?