तागाच्या शेतातून व्यापारी गणित

व्यापारात निर्णय घेताना पूर्ण माहिती क्वचितच हाती असते. अपुऱ्या माहितीवरून कितपत ठामपणे बोलावे, हे सांगणारे गणित आपल्या देशात मुख्यतः कोलकात्यात रुजले. प्रशांतचंद्र महालनोबिस हे तेथील प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याच विभागात त्यांनी संख्याशास्त्राची प्रयोगशाळा थाटली आणि १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली.

बंगालचा मोठा व्यापार तागाचा. पीक किती येणार, यावर गिरण्यांची खरेदी आणि तागाचा भाव अवलंबून असे. १९३७ पासून महालनोबिसांनी नमुना पाहणी सुरू केली. सगळी शेते न मोजता, चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी काही शेते निवडायची आणि त्यांवरून प्रांताचा अंदाज बांधायचा, ही ती रीत. पुढे १९४० च्या दशकात संपूर्ण मोजणी आणि नमुना पाहणी यांची तुलना झाली. संपूर्ण मोजणीने सुमारे ६३ लाख गाठी सांगितल्या, नमुन्याने सुमारे ७५ लाख. व्यापाराच्या नोंदींवरून नंतर जो आकडा निघाला तोही ७५ लाखांच्या आसपासच होता! नमुना पाहणीचा खर्च तर मोजणीच्या साधारण एक दशांश होता.

थोडे मोजून अधिक अचूक उत्तर कसे मिळाले? हजारो हंगामी माणसे घाईने मोजू लागली की चुका वाढतात. शेत न पाहताच रकाना भरणारेही त्यांत असतात. थोडी, शिकवून तयार केलेली माणसे असली की त्यांचे काम तपासता येते. महालनोबिस एकाच भागात दोन स्वतंत्र तुकड्या धाडीत आणि त्यांचे आकडे ताडून पाहत.

मात्र नमुनाही फसवू शकतो. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले आणि काही काळ कोलकात्यातही काम केलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी असे दाखवले, की कापणीसाठी फार लहान तुकडा आखला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते, कारण कडेवरची रोपे आत धरली जातात. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे. हा वाद बराच गाजला. प्रस्तुत लेखकाला सुखात्म्यांची शंका रास्त वाटते. नमुना कितीही वाढवला तरी ही चूक काही जात नाही.

कोलकात्यातच १९६१ साली देशातील पहिली भारतीय व्यवस्थापन संस्था निघाली. अशा संस्थांत आणि वाणिज्य महाविद्यालयांत हे गणित निर्णयासाठी शिकवतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. दुर्गापूजेसाठी एक दुकानदार तागाच्या पिशव्या ५०-५० च्या गठ्ठ्यांनी मागवतो. पिशवीची खरेदी ६० रुपये, विक्री १२० रुपये; उरलेली पिशवी ४० रुपयांना जाते. म्हणजे खपली तर ६० रुपये नफा, उरली तर २० रुपये तोटा. तीन गठ्ठे त्याने घेतलेच आहेत. चौथा खपण्याची शक्यता दहांत चार असली, तर दर पिशवीमागे अपेक्षित नफा ६० × ०.४ = २४ रुपये आणि अपेक्षित तोटा २० × ०.६ = १२ रुपये. गठ्ठा घ्यावा. पाचव्याची शक्यता पाचांत एक असेल, तर नफा १२ आणि तोटा १६. तो घेऊ नये. खपाची शक्यता निम्म्याहून कमी असूनही चौथा गठ्ठा फायद्याचा ठरतो, हे नवशिक्याला पटायला वेळ लागतो.

आता ती 'पाचांत एक' ही शक्यता प्रत्यक्षात 'तीनांत एक' असेल तर? नफा २० रुपये, तोटा सुमारे १३, निर्णय उलटतो. म्हणून शक्यता नीट काढण्यासाठी गिऱ्हाइकांना आधी विचारावे लागते. तेथे एक नियम आड येतो: नमुन्यातील चूक निम्मी करायची तर चौपट माणसांना विचारावे लागते. १०० जणांऐवजी ४०० जणांना विचारण्याचा खर्च एका गठ्ठ्याच्या नफ्यातून निघतो का, हेही दुकानदाराला आधीच मांडून पाहावे लागते.