जनपदोद्ध्वंस, शासन आणि आपण : वायू व काल यांचा विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील ‘जनपदोद्ध्वंसनीय’ हा तिसरा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. प्रकृती, आहार, बल, वय हे सर्व भिन्न असताना अनेक माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी ग्रस्त होतात, या अग्निवेशाच्या शंकेचे निरसन भगवान पुनर्वसु आत्रेयांनी तेथे केले आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असतात; ते बिघडले की जनपदाचा नाश होतो. दूषित वायूच्या लक्षणांत प्रतिकूल वास, बाष्प, वाळू, धूळ आणि धूर यांचा स्पष्ट निर्देश आहे. चिकित्सास्थानातही हिक्का-श्वासाच्या हेतूंत धूळ व धूर सांगितले आहेत. आज शासन ज्याला ‘हवेची गुणवत्ता’ व ‘हवामान बदल’ म्हणते, ते आपल्या परिभाषेत वायुदुष्टी आणि कालदुष्टी होय.

याच अध्यायात आणखी एक मार्मिक विचार आहे. वायूपेक्षा जल, जलापेक्षा देश आणि देशापेक्षा काल हा टाळण्यास अधिकाधिक कठीण. आधुनिक शास्त्राची साक्षही हीच आहे. हवेतील धूलिकण मूळ स्रोत थांबताच अल्पावधीत कमी होतात. कर्बवायूचा मोठा अंश मात्र शतकानुशतके वातावरणात राहतो. दोहोंचे मूळ बव्हंशी एकच, ते म्हणजे ज्वलन. म्हणून धूर रोखणारा प्रत्येक उपाय वायूला लगेच आणि कालाला दीर्घकाळाने उपकारक ठरतो.

शासनाचे प्रयत्न

केंद्र शासनाने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यातील शहरांपैकी १९ महाराष्ट्रातील आहेत. मुंबई, पुणे, नागपूर यांच्यासह चंद्रपूर, जालना, लातूर, सांगली ही नावेही त्या यादीत आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. हा केवळ महानगरांचा प्रश्न नाही.

राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान हाती घेतले. भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्याचे मूल्यमापन त्यात होते. पंचमहाभूतांची चौकट शासकीय गुणपत्रिकेत यावी, ही आपणां आयुर्वेदीयांना सुखावणारी गोष्ट आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेने हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे त्याचे ध्येय. देशाने त्यासाठी २०७० हे वर्ष ठरविले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा खालावली तेव्हा महानगरपालिकेने ७० मीटरहून उंच बांधकामांभोवती ३५ फूट उंच पत्र्यांचे कुंपण बंधनकारक केले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि जानेवारी २०२५ मध्ये लाकूड व कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली.

उणीव कोठे आहे?

हे प्रयत्न प्रशंसनीय असले तरी वैद्याच्या दृष्टीने त्यांत निदानाचा एक दोष दिसतो. राष्ट्रीय कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांवरून मोजली जाते. फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचणारे कण मात्र २.५ मायक्रॉनहून सूक्ष्म असतात आणि ते प्रामुख्याने ज्वलनातून उत्पन्न होतात. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीनुसार या कार्यक्रमाचा सुमारे ६४ टक्के निधी रस्त्यांवरील धूळ निवारणावर खर्च झाला. लक्षणाची चिकित्सा झाली, हेतूचा त्याग राहिला. निदानपरिवर्जन हीच आद्य चिकित्सा, हे शासनाला सांगण्याचा अधिकार आपल्याइतका कोणाला असेल?

मानकांचाही विचार करावा. सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी मर्यादा भारतात दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ असावी असे सुचविले. तेव्हा ‘मर्यादेत’ असलेली हवा बालक, वृद्ध व श्वासरुग्ण यांना निर्दोष आहे, असे समजण्याचे कारण नाही.

वैद्यांचे कर्तव्य

प्रत्येक चिकित्सालयात रुग्णपत्रिकेवर त्या दिवसाचा हवा गुणवत्ता निर्देशांक नोंदविणे सहज शक्य आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या ॲपवर तो मिळतो. कास, श्वास, प्रतिश्याय यांच्या रुग्णांचे वास्तव्य, व्यवसाय व घरातील इंधन यांचीही नोंद ठेवावी. तालुक्यातील दहा वैद्यांनी वर्षभर अशी नोंद ठेवली आणि ती नगरपालिकेपुढे मांडली, तर तिला निवेदनापेक्षा अधिक वजन येईल.

रसायन व पंचकर्म यांचा उपदेश चरकांनी याच अध्यायात केला आहे. त्याचा युक्तिपूर्वक उपयोग अवश्य करावा. तथापि धुराच्या दिवसांत श्वासरुग्णाचे चालू इन्हेलर बंद करविणे, अथवा ‘प्रदूषणावर रामबाण’ अशी जाहिरात करणे, हे शास्त्राला व सद्वृत्ताला धरून नाही.

औषधनिर्मात्यांचे कर्तव्य

बेकरीच्या भट्टीला जो न्याय, तोच आपल्या भट्टीला लागू व्हावयास हवा. क्वाथ, आसव, तैल व भस्म यांसाठी आपण लाकूड, कोळसा आणि गोवऱ्या जाळतो. न्यायालयाचा किंवा मंडळाचा आदेश येण्याची वाट पाहणे आपल्याला शोभणारे नाही. क्वाथ व तैलपाकासाठी गॅस किंवा वाफेचे बॉयलर, आणि भस्मासाठी तापमान नियंत्रित करता येणारी विद्युत्‌भट्टी यांचा वापर अनेक ठिकाणी रूढ झाला आहे. वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव या परीक्षांत भस्म उतरते की नाही, हा निकष येथे प्रमाण मानावा. या बदलाला खर्च येतो हे खरे. लहान फार्मसीला तो एकट्याने झेपणारा नाही. म्हणून सवलतीच्या कर्जाची मागणी संघटनेने एकमुखाने शासनाकडे करावी.

कालदुष्टीचा फटका तर थेट आपल्या गोदामाला बसतो. अवकाळी पावसात वाळत घातलेला हिरडा भिजला की बुरशी धरतो. माल घेताना आर्द्रता व बुरशी यांची तपासणी टाळू नये.

आत्रेयांनी अग्निवेशाला दिलेला पहिला आदेश औषधांविषयीचाच होता. भूमी नीरस होण्यापूर्वी, औषधींचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव नष्ट होण्यापूर्वी त्यांचा संग्रह करावा, असे त्यांनी सांगितले. आणि जनपदाच्या नाशाचे मूळ शोधताना देश व नगर यांच्या प्रमुखांनी धर्म सोडल्याचाही त्यांनी उल्लेख केला. शासनाला त्याच्या धर्माची आठवण करून देण्यापूर्वी आपली भट्टी व आपली रुग्णपत्रिका प्रथम नीट करू या. मग आपल्या शब्दाला मान मिळेल.